इस्त्रीखान्याचं कुलूप

हुकूम कसा येतो, हे तुम्हाआम्हाला चांगलं ठाऊक आहे. जाता जाता, पाठ फिरवून. कपड्यांच्या त्या कारखान्यात साहेब असंच म्हणाले होते, "इस्त्रीखान्याला बाहेरून कुलूप लावत जा. त्या वस्तीतल्या बायका आहेत, जपून असलेलं बरं." झालं! मुकादम ताईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून बायका आत इस्त्री करत असताना दाराला कुलूप लागायला लागलं. काय चोरीला गेलं, कुणी पाहिलं, ताईंनी एका शब्दाने विचारलं नाही. माहेरी वडील बोलले की विषय संपायचा, सासरी सासरे बोलले की संपायचा, आणि आता साहेब. शिवाय ताईंच्या मनातही अढी होतीच. वस्तीतली बाई जवळून गेली की त्या पर्स पोटाशी धरायच्या.

त्या दुपारी साहेब बाहेर जेवायला गेले होते. ताई शर्टांच्या गुंड्या तपासत बसल्या होत्या. तेवढ्यात जळका वास आला. बघतात तो इस्त्रीखान्याच्या दाराखालून धूर! आतून दारावर धडाधड हात आपटू लागले.

"ताई! वायर पेटलीय! दार उघडा!"

किल्ली ताईंच्या कमरेलाच होती. पण हात गेला तो फोनकडे!

"उघडू नका," पलीकडून साहेब म्हणाले. "नाटकं असतात त्यांची. गडबडीत माल घेऊन पळतील. मी आलोच."

ताई दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. आतलं खोकणं वाढत होतं.

"साहेब नको म्हणालेत," त्या पुटपुटल्या. "नोकरी जाईल माझी."

कापड बेतणारे म्हातारे मास्तर हातातली कात्री टाकून धावत आले. "ताई, आत तुमची सख्खी बहीण असती, तर आधी फोन केला असता?"

"मास्तर, असं नका हो बोलू!"

"बोलणारच! हुकूम साहेबांचा असेल, हात तुमचा आहे. किल्ली तुमच्याकडेच का दिली, ठाऊक आहे? बाई आहे, भित्री आहे, उलट विचारणार नाही म्हणून. आणि मी पुरुष असून काय दिवे लावले? रोज ते कुलूप बघत होतो आणि गप्प होतो. उघडा आता!"

आतला एक आवाज अचानक बंद पडला. अरे देवा, कोण पडलं? ताईंनी किल्ली काढली, पण घाईत ती कुलपात जाईना. मास्तरांनी कुलूप घट्ट धरलं, ताईंनी किल्ली फिरवली आणि दार उघडलं!

काळ्या धुराबरोबर बायका एकमेकींना ओढत बाहेर पडल्या. त्यांच्यातल्या थोरल्या काकींच्या खांद्यावर एक बेशुद्ध मुलगी होती. मास्तरांनी मेन स्विच पाडला आणि वाळूच्या बादल्या ओतल्या. ताईंनी मुलीचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, गाल थोपटले. तिने डोळे उघडले तेव्हा ताईंना रडू कोसळलं.

"चुकलं हो माझं," त्या काकींना म्हणाल्या. काकी अजून खोकत होत्या.

साहेब घामाघूम होऊन आले. पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? "ताई, आधी सगळ्यांची झडती घ्या!"

आगीपेक्षा मोठी भीती ताईंना या क्षणी वाटली. घराचं भाडं, मुलांची शाळा, सगळं डोळ्यांपुढे नाचलं. पण मांडीवरचं डोकं खाली ठेवून उठायला काही मन होईना.

"नाही घेणार," त्या म्हणाल्या. आवाज चिरका निघाला. "आणि पुन्हा कुलूप लावायचं असेल, तर मला आत घालून लावा!"

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर ताईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

मित्रहो, ताई काही एका दिवसात शूर झाल्या नाहीत. संध्याकाळी घरी जातानाही नोकरीची धास्ती सुटली नव्हती. कुणाला घरच्या वळणाने गप्प बसवलेलं असतं, कुणाला बाई म्हणून, कुणाचा स्वभावच तसा. आणि समोरचा माणूस 'त्यांच्यातला' असला की गप्प बसणं आणखी सोपं जातं. म्हणून हुकूम पाळण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, तिथे माझं माणूस असतं तर? विचारताना भीती वाटेल. वाटू द्या, पण विचारा!