घर नंबर एकोणीस

"सार्वजनिक आरोग्याचं भवितव्य दारावरच्या या नंबरात आहे," असे पुण्याचे डॉक्टर शालिग्राम चिंधाआबांच्या ओट्यावरून धीरगंभीर आवाजात म्हणाले, आणि आबांच्या म्हशीने गेरूचा डबा लवंडला. भवितव्याचा बराचसा भाग शेणात गेला. उरलेल्यातून लीलाधरने दारावर एकोणीस लिहिले.

लीलाधर गावचाच. आधी हिवताप योजनेत तात्पुरता, मग नारू योजनेत तात्पुरता, आता इथे तात्पुरता. परदेशी संस्था पैसे देणार, साक्री तालुक्यातल्या बायकांना लोहाच्या गोळ्या मिळणार, आणि गोळ्यांआधीचा थकवा व गोळ्यांनंतरचा थकवा धुळ्याचा संगणक एकमेकांना जोडणार. नावांचा घोळ नको म्हणून जोडणी घर नंबर आणि वयावरून. शंभरातल्या नव्वद बायका जुळल्या, तर अनुदान पुढे चालू. नाही तर लीलाधरला पाचोऱ्याला मेहुण्याच्या जिनिंगमध्ये कापूस तोलायला बसावे लागणार होते. मेहुण्याने खुर्चीही बाजूला काढून ठेवली होती. तिला एकच हात होता.

पहिली फेरी माघात झाली. "थकवा येतो का? चक्कर येते का?" घरोघरच्या सुना येतो, येते म्हणाल्या.

दुसऱ्या फेरीची तारीख पुण्याहून आली, ती नेमकी आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. आखाजीला गावात सून सापडत नाही. सुना आपापल्या माहेरी झोक्यावर असतात, आणि गावच्या लेकी सासरहून येऊन इथल्या निंबांना झोके बांधतात. हे खानदेशात शेळीलाही ठाऊक आहे. पुण्यात शेळ्या कमी.

"घर नंबर एकोणीस, वय बावीस!" लीलाधरने हाक मारली.

झोक्यावरून एक हसरी बाई उतरली.

"अरे लीलाधर, हाई मनी पोर शे, चमेली," आबा म्हणाले. "सून तिना माहेरले गयी."

"आबा, पोर कोना घरमा शे?"

"मना घरमा."

"वय?"

"सूनइतलंच."

"मंग झाये."

"आनि सूननं काय?"

"ती तिना माहेरना नंबरवर चढी."

आबांनी पागोटे सरकवून डोके खाजवले. हिशेब कुठे चुकतो ते त्यांना सापडेना. खरे तर कुठेच चुकत नव्हता.

"थकवा येतो का?" लीलाधरने कागदावरचे वाचले.

"आखाजीले कोनले थकवा येस रे भाऊ?" म्हणत चमेली पुन्हा झोक्यावर चढली.

'नाही', लीलाधरने लिहिले.

शेवटी तो स्वतःच्या दाराशी आला. नंबर एकतीस. बायको सुंदरबाई माहेरी पाचोऱ्याला गेली होती. तिच्याच वयाची त्याची बहीण जमना उंबऱ्यात पाय पसरून सांजोरी खात होती. माघात याच उंबऱ्यात सुंदरबाई 'थकवा येस' म्हणाली होती, आणि त्याने मान वर न करता ते लिहून घेतले होते. आता तो थोडा थांबला. मग मेहुण्याची खुर्ची आठवली. 'नाही', त्याने लिहिले.

संगणकाने शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बायका जुळवल्या. इतका थकवा इतक्या लवकर कुठल्याच देशात गेला नव्हता म्हणे. डॉक्टरांनी लीलाधरची पाठ थोपटली. अनुदान आणखी तीन वर्षांसाठी वाढवून मिळाले. लीलाधर तात्पुरता राहिला.

सुंदरबाई परतली, त्याच दिवशी विहिरीवर गेली. दोन घागरी घेऊन अंगणात शिरताच लीलाधर म्हणाला, "आयकं का? गावमा बठ्ठ्या बायासना थकवा गया."

"कोना गया?"

"एकतीस नंबरनाबी गया. संगणकमा शे."

तिने दोन्ही घागरी त्याच्या पायाशी उतरवल्या.

"मंग एकतीस नंबरलेच पानी भराले धाडा," ती म्हणाली आणि आत जाऊन आडवी झाली.

लीलाधरने विहिरीच्या चार खेपा केल्या. चौथ्या खेपेला वाटेत नर्स सुमनबाई भेटल्या.

"लीलाधरभाऊ, तुम्ही गोळ्या वाटल्या तरी कधी?"

"मी? मला वाटलं, तुम्ही वाटल्या."

गोळ्यांचे पहिले खोके जूनमध्ये आले, वाढीव अनुदानातून.