मला भिंतीवर टांगू नका

मी एक जुना तेप्पा आहे. टोपलीसारखी गोल, बांबूची होडी. हसा मित्रांनो, खुशाल हसा! मला ना पुढचं टोक, ना मागचं. पण तुंगभद्रेच्या खडकांतून तुमची टोकदार होडी नेऊन दाखवा, मग बोलू.

आनेगुंदीच्या हुलिगेप्पाने मला विणलं, खालून डांबर फासलं आणि पाण्यात सोडलं. सहा वर्षं मी प्रवाशांना पलीकडचे पडके मंडप दाखवले. "गोल फिरवा ना!" म्हणून तुम्हीच ओरडायचात, आणि मी गरगरलो की आईच्या नावाने बोंबलायचात. परतीला प्रवाह उलटा असायचा. मग हुलिगेप्पा मला डोक्यावर पालथं घालून काठाने चालत यायचा.

पुढे त्याचा खांदा गेला आणि त्याची लेक दुर्गव्वा वल्हं मारू लागली. या वर्षी माझा तळच कुजला. दुर्गव्वाने नवा तेप्पा विणून अंगणात ठेवला. आता आमच्या घरची रीत अशी, की नव्या तेप्प्याचं डांबर जुना तेप्पा जाळून त्याच्याच जाळावर वितळवायचं. मी त्याचीच वाट बघत होतो.

तेवढ्यात हॉटेलवाला वीरेशप्पा आला.

"दुर्गव्वा, हा जुना मला दे. जेवणघराच्या भिंतीवर टांगतो, आत रंगीत दिवे सोडतो. माझे सगळे पाहुणे तुझ्याच तेप्प्यात पाठवीन."

दिवे? मी काय लग्नाचा मांडव आहे? माझा नुसता संताप झाला. पण दुर्गव्वा नव्या तेप्प्याकडे बघत होती. घाटावर एकेका गिऱ्हाइकासाठी घसा कोरडा करावा लागतो, ते तिलाच ठाऊक.

"अप्पा," ती ओसरीवर बसलेल्या बापाला हळूच म्हणाली, "डांबर काय, कुठल्याही लाकडावर वितळतं."

"वितळत असेल. मी कधी करून बघितलं नाही. वल्हं आता तुझ्या हातात आहे, तूच ठरव."

"अगं, राख होण्यापेक्षा चार लोक फोटो तरी काढतील!" वीरेशप्पा हसला.

दुर्गव्वाचं डोकंच फिरलं. "फोटो? हा नदीवर होता तेव्हा तुमचे पाहुणे काठावर उभे राहून मोटारबोट मागत होते. आता कुजल्यावर त्याचं कौतुक होय?"

तिने कोयता उचलला आणि माझ्या काठावर पहिला घाव घातला. "न्या आता, टांगा कुठं टांगायचा तो!"

वीरेशप्पा पाय आपटत गेला. त्याचा एकही पाहुणा आता आमच्याकडे येणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी तिचा हात थांबला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपून ठेवा, असं तुम्हाला सगळे सांगतात. मी नाही सांगणार. आम्ही पाण्यात आहोत तोवर आमच्यात बसा, भिजा, ओरडा. नंतर आरती ओवाळायला येऊ नका.

माझे बांबू रचून झालेत. वर डांबराचा डबा चढलाय. हुलिगेप्पा कधीचा काडेपेटी शोधतोय. अरे, बघत काय बसलात? द्या की कुणीतरी त्याला काडी!