तेहतीस ते चाळीस

सिद्धीला त्या आकड्यांचा संशय आला तो त्यांच्या शहाणपणामुळे.

दक्षिण ध्रुवाच्या बर्फावर कुठे किती हिम पडतं, याचा नकाशा तिच्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसात दोन वर्षं तयार होत होता. उपग्रह वरून पाहतो, पण तो खरं सांगतो की नाही हे ठरवायला जमिनीवरची मोजणी लागते. एका वाटेवर ती एकदाच झाली होती, सव्वीस वर्षांपूर्वी. हिमात चाळीस बांबू रोवलेले. वर्षभरानं जाऊन प्रत्येक बांबू किती बुडाला ते टेपनं मोजायचं. पहिल्या बत्तीस बांबूंचे आकडे वाटेल तसे उड्या मारत होते: एकतीस सेंटिमीटर, एकोणीस, चव्वेचाळीस. वारा हिम असंच उधळतो. तेहतिसाव्यापासून मात्र अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकोणतीस. शेवटपर्यंत तीच चाल.

नियम कडक होता. एक आकडा बनावट निघाला की मोजणीची अख्खी वही बाद. मोजणाऱ्यानं स्वतः लेखी दुरुस्ती दिली, तरच बाकीचे आकडे टिकणार. नकाशा सोमवारी जायचा होता. वहीवर दोन सह्या होत्या. हवामान निरीक्षक भीमाचार्य पुढच्याच वर्षीच्या मोहिमेत तिथेच वारले होते. दुसरी सही कृष्णाजींची, बर्फगाडीचे मेकॅनिक. ते शहराबाहेर आनेकलला राहत होते.

शनिवारी ती पोचली तेव्हा ते दारातच उभे होते.

“बस की अक्का. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकातून आलीस ना? आमचं जहाज त्याच्याहून लवकर पोचायचं.”

त्यांनी गॅसवर कॉफी ठेवली. सिद्धीनं वहीची प्रत टेबलावर पसरली आणि नियम सांगितला. कृष्णाजींचं बोट रकान्यातून खाली सरकत गेलं आणि बत्तीसवर थांबलं. ते उठले, गॅस बंद करून परत येऊन बसले. कॉफीचं दोघांनीही पुन्हा नाव काढलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. टेप भीमाचार्य धरायचे, लिहायचे कृष्णाजी. बत्तिसावा बांबू मोजून झाला आणि भीमाचार्य छातीवर हात दाबून हिमातच बसले. त्यांना गाडीत घातलं, तासाभरानं त्यांना बोलता आलं. पहिलं बोलले ते हे, की डॉक्टरला सांगू नकोस, पुन्हा येऊ देणार नाहीत. मोजणी अर्धवट दिसली असती तर परत का फिरलात, हा प्रश्न आलाच असता. म्हणून छावणी दिसायच्या आत कृष्णाजींनी गाडी थांबवून आठ आकडे भरले. कुणी काही विचारलं नाही.

“मी ते आठ लिहिले नसते,” कृष्णाजी म्हणाले, “तर त्याला पुढच्या साली जाऊ दिलं नसतं.”

सिद्धीनं दुरुस्तीचा कागद पुढे केला.

“तिथं शून्य घालणार काय?”

“तुम्ही सांगाल ते, काका.”

“शून्य नको. शून्य म्हणजे हिम पडलं नाही. हिम पडलं असणार. आम्ही गेलो नाही.”

त्यांनी सावकाश लिहिलं: तेहतीस ते चाळीस, गेलो नाही, आकडे मी मनानं भरले. खाली कारणाचा रकाना होता. तो रिकामा ठेवला तरी चालतं, असं सिद्धीनं सांगितलं. त्यांनी तरीही लिहिलं: भीमाचार्यांच्या छातीत दुखलं. सही केली, तारीख घातली.

“त्याच्या हातचे बत्तीस राहतील ना?”

“राहतील.”

“सरी, ठीक आहे,” ते म्हणाले, आणि कागद तिच्याकडे सरकवला.

सोमवारी सिद्धीनं ते आठ आकडे काढून टाकले. सॉफ्टवेअरनं लगेच शेजारच्या आकड्यांवरून अंदाज बांधला आणि मोकळी जागा आपणच भरली. रंग सलग झाला. तिनं त्यावर बाण नेला, तर आकडा आला एकोणतीस. ती सोय कुठून बंद होते ते शोधायला तिला वीस मिनिटं लागली. बंद केल्यावर नकाशात आठ बांबूंइतकी पट्टी कोरी दिसू लागली. खाली टिपेत तिनं कृष्णाजींचं वाक्य कारणासकट जसंच्या तसं घातलं, एकदा वाचून पाहिलं, आणि नकाशा पाठवून दिला.