वळणावरच्या मोठ्याबाई

बेटाला रस्ता एकच, आणि तोही गोल. जिथून निघावं तिथेच आणून सोडायचं, वाटेत डोंगराची पाठ दाखवायची, चार ठिकाणी समुद्राला डोकावू द्यायचं, एवढंच त्याचं काम. त्या रस्त्यावर बसही एकच. सकाळी एक फेरी, दुपारी एक. तिचं दार सुतळीने बांधलेलं, पण हॉर्न असा दणदणीत, की झाडाला लटकलेली वटवाघळं भर दिवसा कूस बदलायची.

या बसमध्ये एका सोमवारी पेंटरबाई चढली. वनखात्याच्या कचेरीने तिला पाच लोखंडी पत्रे, चार डबे रंग आणि एक कागद देऊन बोटीने पाठवलं होतं. कोणता प्राणी कुठे रस्ता ओलांडतो, ते कागदावर लिहिलेलं. तिथे तिथे त्याचं चित्र काढून फलक रोवायचा, खाली 'सावकाश!' लिहायचं, की झालं.

"ताई, पुढे बसा," ड्रायव्हर म्हणाला. "मागे बसलात तर बेट दिसेल, पण पाठीचे मणके एकेक करून ओळख सांगतील."

ती पुढे बसली. केळीच्या बागेपाशी माकडांची टोळी कुंपणावर पंचायत भरवून बसली होती. पुढे रस्त्याच्या मधोमध एक घोरपड ऊन खात अशी पसरली होती, जसा सासुरवाडीला आलेला जावई दुपारी पसरतो. डोक्यावरून धनेशाची जोडी गेली, तर कुणी ओली चादर झटकत चाललंय असं वाटलं. पेंटरबाईच्या बोटांना तिथल्या तिथेच कुंचल्याची आठवण झाली.

आणि मग ते वळण आलं. एका अंगाला डोंगराची ओली, शेवाळलेली भिंत, दुसऱ्या अंगाला उतार आणि खाली समुद्र. चाकाखाली काहीतरी बारीकसं वाजलं. कुणाच्या हातातली काचेची बांगडी पिचकावी, तसं.

"काय होतं ते?"

"खेकडा," ड्रायव्हर सहज म्हणाला. "एकटाच पुढे आलेला दिसतोय. खरी गंमत रविवारी. पौर्णिमा झाली की सकाळी डोंगरावरून माद्या उतरतात, लालभडक, हजारोंनी. पोटाशी अंडी घेऊन समुद्राकडे. ही एवढीच वाट त्यांची."

"मग तुम्ही थांबता?"

"थांबून कसं चालेल? सव्वाआठची बोट गाठायची असते. हॉर्न वाजवतो की!"

"खेकड्यांना ऐकू येतो?"

"ते त्यांना विचारायला हवं."

तो आवाज पेंटरबाईच्या कानात जाऊन बसला तो बसलाच. संध्याकाळी जेवायला बसली, तर ताटलीवर चमचा वाजला आणि घास हातातच राहिला.

तिची राहायची सोय होती मोठ्याबाईंकडे. मोठ्याबाई म्हणजे बेटावरची सुईण. अंगणात दोरीवर उकळून वाळत घातलेली पांढरी फडकी, खिडकीत कात्र्यांची पेटी, आणि दाराच्या खुंटीला काळी छत्री. ती छत्री उन्हापावसासाठी नव्हती, माणसांकडे रोखण्यासाठी होती. चाळीस वर्षांत बेटावर जो जो रडत आला, तो मोठ्याबाईंच्या हातातच. त्यामुळे बेटावर त्यांच्यापुढे कुणी मोठा होत नसे. बसचा ड्रायव्हर तर त्यांचा जावई. जन्माच्या वेळी रडेना, म्हणून त्याला आयुष्यातली पहिली चापट मोठ्याबाईंनीच मारली होती. दुसरी बाकी आहे, असं त्या लग्नापासून सांगत होत्या.

"जेवत का नाहीस गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. थकले."

"थकलेलं माणूस दोन घास जास्त खातं. खोटं बोलायचं तर नीट शिकून बोलावं, पोरी."

मंगळवारी पाचही फलक रोवून झाले. माकड, घोरपड, कासव, धनेश आणि वळणावर खेकडा. धनेश उडत जातो, त्याला फलक कशाला, हे विचारायला कचेरी फार लांब होती. खेकड्यावर मात्र तिने जीव ओतला. नांग्या अशा उगारलेल्या, की पत्र्याला हात लावायची भीती वाटावी.

बुधवारी ती बसने बघायला निघाली, तर सगळं बेट जागचं हललेलं! माकडाचा फलक शिंप्याच्या दुकानापुढे. घोरपड सायकल दुरुस्तीवाल्याच्या दारात. कासव तर थेट डोंगरमाथ्यावर, न्हाव्याच्या खुर्चीशेजारी. तिथवर चढायचं म्हणजे कासवाला अर्धं आयुष्य रजा काढावी लागली असती.

"हे काय?" तिने ड्रायव्हरला विचारलं.

"फलक दिसला की पाहुणे टप टप टप टपावर हात मारतात, थांबवा, फोटो काढायचाय. बस थांबली की माणसं उतरतात. उतरली की कुणाचं बटण तुटलेलं असतं, कुणाची दाढी वाढलेली असते. लोक हुशार आहेत, ताई."

न्हावी तर एक पाऊल पुढे गेला होता. त्याने एका गोल दगडाला कवचासारखे पट्टे रंगवून तो गवतात ठेवला होता, आणि "श्श, झोपलंय," असं सांगत होता. शिंप्यापुढे मात्र खरीच माकडं हजर. पाहुणे केळी देतात ही बातमी टोळीला लागली होती. फलक खोटा लागला आणि दुपारपर्यंत खरा झाला.

हसू आलं तरी तिचे डोळे वळण शोधत होते. वळणावर दोन खड्डे उरले होते. खेकडा कुठे? फर्लांगभर पुढे, चहाच्या टपरीवर, नांग्या उगारून गिऱ्हाइकांचं स्वागत करत होता.

"काका, हा इथला नाही."

"अहो पेंटरबाई, खेकडा तिरका चालतो. तिरकं चालत आला असेल," टपरीवाला म्हणाला. "बसा, चहा घ्या."

"रविवारी त्या वळणावर बस थांबली नाही तर हजारो मरतील!"

"मी कुठे नको म्हणतोय? इथे थांबते की बस. दहा मिनिटं थांबते. खेकड्यांना म्हणावं, फर्लांगभर इकडे सरका."

तिने फलक उपटला आणि परत नेऊन रोवला. गुरुवारी सकाळी तो पुन्हा टपरीवर. पुन्हा नेला, खाली दगड रचले. टपरीवाल्याची दुपारची डुलकी संपली तशी फलकानेही जागा बदलली. वर त्या ठगाने खेकड्याच्या एका नांगीत चहाचा कप रंगवला होता. बरा रंगवला होता, हेच जास्त लागलं तिला.

खेकड्यांचं काय, ते माकडांसारखे नव्हते. फलक जिथे जाईल तिथे येणारी जात नव्हे ती. आई ज्या वाटेने उतरली त्याच वाटेने लेक उतरणार.

शुक्रवारी न्याहारीला पेंटरबाई कप हातात धरून समोर बघत बसली. समोर मोठ्याबाई जावयाला झापत होत्या. तो चाकं धुवायला पाणी न्यायला आला होता.

"खिशात काय आहे?"

"कंगवा आहे, आई."

"कंगव्याला तंबाखूचा वास कधीपासून यायला लागला?"

ड्रायव्हरने सिगारेटचं पाकीट काढून मुकाट्याने टेबलावर ठेवलं, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि बादली न घेताच निघून गेला.

पेंटरबाईच्या हातातला कप हळूच खाली आला. तिने मोठ्याबाईंकडे पाहिलं. ते नाक, त्या भुवया, कपाळावरची ती उभी आठी. डोळे मिटून काढता आली असती.

"मोठ्याबाई, न्हाणीघराचं जुनं पत्र्याचं दार मागे पडलंय, ते घेऊ का?"

"घे की. अडगळच आहे. काय काढणार त्यावर?"

"एक... जबरदस्त प्राणी."

त्या दिवशी मोठ्याबाई बेटाच्या दुसऱ्या टोकाला एका अडलेल्या बाळंतिणीकडे गेल्या. पेंटरबाईने परसात दार आडवं घातलं आणि कुंचला रंगात बुडवला. जीव भ्याला की ती गुणगुणायची, तशी गुणगुणू लागली:

लाल गं लेकी माझ्या डोंगर उतरती,
सोडा गं त्यांची वाट, माहेर गाठती.

शनिवारी सकाळी ड्रायव्हरने स्वतःच ते दार, चित्र खाली करून, बसच्या टपावर बांधलं.

"जड आहे हो! काय काढलंय?"

"खेकडाच. जरा मोठा. सांभाळून, रंग ओला आहे."

वळणावर त्याने ते उतरवून दिलं आणि बोट गाठायला निघून गेला. पेंटरबाईने दार दोन माडांना करकचून बांधलं आणि दुपारी बसच्या वेळेला ती झाडाआड जाऊन उभी राहिली.

बस आली. मोठ्याने गाणं लावलेलं, ड्रायव्हरचा एक हात खिडकीबाहेर, हातात सिगारेट. वळण घेतलं आणि समोर, पुरुषभर उंच, मोठ्याबाई! छत्री रोखलेली, आठी चढलेली.

ब्रेक असा लागला की सुतळी तुटून दार उघडलं. सिगारेट झाडीत गेली. गाणं बंद. बटण बंद.

"न-नमस्कार, आई," ड्रायव्हर म्हणाला.

बसमध्ये हास्याचा असा फवारा उडाला की डोंगरावरची माकडं ओरडून उत्तर देऊ लागली. टपरीवालाही धावत आला. हा फलक उचलता येईल का म्हणून त्याने अंदाज घेतला, चित्राच्या डोळ्याला डोळा भिडला, आणि तो दोन पावलं मागे सरला.

"छे! हा दारात लावला तर गिऱ्हाईक चहा न पिता पाय धुवून घरी जाईल."

"पत्र्याची आहे, हे कळतंय मला," ड्रायव्हर पेंटरबाईला म्हणाला. घाम पुसत होता. "पण माझ्या पायाला ते कळत नाही, ताई. पाय आपोआप ब्रेकवर जातो. आणि घरी कळलं ना, तुमची बॅग अंगणात दिसेल."

गोल रस्त्यावरची बातमी गोल फिरून संध्याकाळच्या आत घरी पोचली. मोठ्याबाई आल्या, छत्री खुंटीला न लावता समोर बसल्या. पेंटरबाईने बॅग भरूनच ठेवली होती.

"जबरदस्त प्राणी, नाही का?"

पेंटरबाईने बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

"चाळीस वर्षं या बेटाला मी जन्माला घालतेय, आणि मला तू रस्त्यावर बुजगावणं करून उभी केलीस? कशासाठी?"

"खेकड्यांसाठी," ती म्हणाली, आणि मग सगळं एका दमात बोलून गेली. कानात बसलेला तो आवाज, टपरीवाला, उद्याची सकाळ. "माद्या असतात हो सगळ्या. पोटाशी अंडी घेऊन उतरतात. समुद्राला पोचायच्या आधीच..."

मोठ्याबाईंची आठी हलली.

"म्हणजे बाळंतपणाला निघालेल्या असतात?"

"हो."

"आणि माझा जावई त्यांच्यावरून बस नेतो?"

"हॉर्न वाजवतो," पेंटरबाईने खरं तेच सांगितलं.

मोठ्याबाई उठल्या. "आधी सांगायचं नाही का गं! मला वाटायचं, ती जात नुसती फिरायला खाली येते. बॅग सोड ती. आणि एक सांगते, छत्री डाव्या हातात काढलीस. मी उजवी आहे."

रविवारी सकाळी ऊन डोंगरावरून घसरत खाली आलं, आणि त्याच्यामागून त्या. आधी दहा, मग शंभर, मग रस्ताच चालू लागल्यासारखा. खुळखुळ, खुळखुळ, जशी कुणी शिंपल्यांची पोती ओढत नेतंय. पेंटरबाई श्वास धरून रस्त्याकडेला उभी होती.

बस वळली. ड्रायव्हरचं बटण आधीच लावलेलं होतं. पण पुढे बघून त्याचा जबडा खाली आला. माडांमध्ये मोठ्याबाई, आणि त्यांच्या शेजारी मोठ्याबाई! एकीची छत्री डावीकडे, एकीची उजवीकडे.

बस जागच्या जागी थांबली. ड्रायव्हर एकीकडे बघतो, दुसरीकडे बघतो.

"नमस्कार कुणाला करू?" त्याने पेंटरबाईला हळूच विचारलं.

"जी उत्तर देईल तिला."

"इंजिन बंद कर," उजवीकडची छत्री म्हणाली.

"आई, बोट! सव्वाआठला सुटते..."

"बोटीचा तांडेलही माझ्याच हातचा. पायाळू होता, उलटा आलेला. निरोप धाडलाय. मोठ्याबाई म्हणतात थांब, तर थांबेल."

"पण या एवढ्या सगळ्या उतरेपर्यंत..."

"तुझ्या वेळी तुझी आई दोन दिवस अडली होती. तेव्हा मी हॉर्न वाजवला होता का?"

ड्रायव्हरचा हात हॉर्नवरून मांडीवर आला. मागचे पाहुणे उतरून कडेला उभे राहिले, कुणी टपावर हात मारला नाही. लाल ओघ चाकांमधून, बसच्या पोटाखालून, उताराकडे वाहत होता. एक मादी ओघ सोडून तिरकी आली आणि मोठ्याबाईंच्या चपलेवर चढून बसली, दम खायला. मोठ्याबाई आयुष्यात कुणासाठी एका जागी उभ्या राहिल्या नव्हत्या. आता त्या पत्र्याच्या बाईसारख्याच निश्चल झाल्या. फक्त छत्री हळूच उघडली आणि त्या इवल्या लाल पाठीवर सावली धरली.

"घाई नको गं," त्या तिला म्हणाल्या. "सावकाश."