कोरी बाटली

वर्गात तिला सगळे धांदल म्हणत, आणि नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा तिचा प्रकल्प पाण्यातलं शिसं मोजण्याचा, आणि वर्षभर शिसं सापडत होतं ते तिच्याच कोऱ्या बाटलीत. कोरी बाटली म्हणजे नुसतं शुद्ध पाणी, पण हाताळायचं इतर नमुन्यांसारखंच. त्यात शिसं निघालं, तर समजायचं की घाण आपल्याच हातांची आहे.

नदीच्या पाण्याशी तुलना करायला काहीतरी चांगलं हवं, म्हणून आज तिने घरच्या नळाचं पाणी आणलं होतं. यंत्रावर नदी बरी निघाली. घरच्या पाण्याचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. घरी दादाचं बाळ होतं, नुकतं रांगायला लागलेलं. वहिनी आजारी, त्यामुळे त्याचं दूध पावडरचं, त्याच पाण्यात कालवलेलं. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर जातं, हे वाक्य तिने प्रकल्पात जांभया देत उतरवलं होतं.

"एवढी काय घाबरतेस?" सर म्हणाले. "तुझे हात आम्हाला माहीत नाहीत का? कोरी बाटली लाव. तीही वरच जाणार, बघ."

एवढा धीर तिला कधी कोणाच्या बोलण्याने आला नव्हता. बाटली लावताना तिने चक्क देवाला साकडं घातलं. नापास कर, सगळ्यांसमोर शिव्या खाऊ घाल, पण आजच्या दिवस माझेच हात घाण असू देत.

आकडा आला. शून्य.

"शाब्बास! वर्षात पहिल्यांदा..." सरांचं वाक्य पुरं होण्याआधीच तिने घरी फोन लावला होता.

फोन आईने उचलला.

"आई, बाळाला नळाचं पाणी देऊ नकोस."

"नुसतं कुठे देते? चांगलं अर्धं होईपर्यंत आटवते. वेंधळी तू आहेस, मी नाही गं बाई."

आटवल्याने जंतू मरतात. शिसं मरत नाही, पाणी कमी होऊन ते उलट दाट होतं. फोनमधून बाळाचा चुटूचुटू दूध ओढल्याचा आवाज येत होता.

"बाटली काढ त्याच्या तोंडातून!" ती ओरडली. "आई, आत्ता काढ! आटवून ते आणखी वाईट होतं गं!"

पलीकडे बाळाने भोकाड पसरलं. त्याच्यामागून आईचा आवाज आला, एकदम बारीक झालेला.

"अगं, पण मी तर रोज आटवूनच देत होते."