एकही चाक हलणार नाही

आमच्या घरात जिभा वाटल्या गेल्या तेव्हा दादा रांगेत पहिला होता, मी दुसरी, आणि ताई बहुधा आमच्या चपला सांभाळत बाहेर उभी होती. म्हणूनच साक्ष द्यायला ताई उभी राहणार हे कळलं तेव्हा मला आधी हसू आलं. मग भीती वाटली.

दादा बस चालवायचा आणि चालकांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. मी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर. ताई आम्हा दोघांहून मोठी. ती शहराबाहेरच्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती, पण ठेकेदाराची माणूस म्हणून. चादरी इस्पितळाच्या, रक्त इस्पितळाचं, आजारी पडलं की मात्र ताई परकी. त्याच इस्पितळाच्या रांगेत तिने बाहेरच्यासारखं ताटकळायचं. वाफेने आणि ब्लीचने तिची छाती पोखरली होती. बोलता बोलता थांबायची, हात वर करून 'जरा थांब' अशी खूण करायची, खोकून घ्यायची आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे न्यायची.

त्या वर्षी शहरातल्या सगळ्या कामगार संघटनांनी मिळून एक आघाडी केली. आजारपणात पगार, म्हातारपणी पेन्शन, औषधपाणी, आणि हे सगळं ठेक्यावरच्या माणसालाही, अशी मागणी. बैठका शिक्षकांच्या संघटनेच्या हॉलमध्ये होत, कारण धड बसता येतील अशा खुर्च्या त्यांच्याकडेच होत्या. पहिल्या बैठका कुणाचा झेंडा पुढे आणि कुणाचा मागे यातच गेल्या. टॅक्सीवाल्यांचा पुढारी, ज्याला सगळे भोंगा म्हणायचे, तो उठून ओरडायचा. शिक्षकांचे मास्तर त्याला व्याकरण शिकवायचे. सफाई कामगारांच्या काकी मधेच डुलकी काढायच्या आणि मतदानाला बरोबर जाग्या व्हायच्या. मी आमच्या कारखान्यातर्फे जायचे. पहिल्याच दिवशी कुणीतरी मला "ताई, चहाचं बघता का?" म्हणालं, आणि मी त्याला जे उत्तर दिलं त्यानंतर चहाचं मास्तर स्वतः बघू लागले.

पण खोटं कशाला बोलू, एक ना धड भाराभर चिंध्या अशी ती आघाडी हळूहळू एका कापडाची झाली. चालक सफाईवाल्यांसाठी बोलायला लागले, मास्तर आमच्या मशिनींसाठी. मला तो हॉल आवडायला लागला होता.

शेवटी सरकारने समिती नेमली आणि सुनावणी ठेवली. अट एकच. पुढाऱ्यांची भाषणं नकोत, प्रत्येक कामातला कामगार स्वतः येऊन बोलला पाहिजे. ज्या कामातून कुणी येणार नाही, ते काम या खेपेला वगळलं जाईल. आणि धुलाईखान्याचं घोडं तिथेच पेंड खात होतं. तिथल्या बायका ठेकेदाराला टरकून होत्या. तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी घरी. एकही तयार होईना.

दादा ताईकडे गेला. मी बरोबर होतेच. ताई बाजेवर बसून पाय चेपत होती.

"मी बोलू?" ती म्हणाली. "मला काय बोलता येतं?"

"जे होतं ते सांगायचं. वाफ, ब्लीच, खोकला. बस."

"खोकला सांगावा लागणार नाही, तो स्वतःच बोलेल," ताई म्हणाली. मग पाय चेपायचं थांबवून तिने विचारलं, "बाकीच्या बायकांचं पण होईल ना रे? की माझ्या एकटीचं?"

"सगळ्यांचं."

"मग येते."

दादाने तिला एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. ठेकेदाराला सुगावा लागला असणार. तो माणसं पाठवील, गाडी पाठवील, गोड बोलून भलतीकडे नेईल. दुसऱ्या एका कारखान्यात असंच झालं होतं, साक्षीदाराला दिवसभर फिरवून संध्याकाळी घरी सोडलं होतं. "कुणाच्याही गाडीत बसायचं नाही," दादा म्हणाला. "माझं नाव सांगितलं तरी नाही."

ताईने शाळेतल्या पोरीसारखी मान हलवली.

सुनावणीच्याच दिवशी शहर बंद ठेवायची कल्पना भोंग्याची. आत साक्षी चालू आहेत आणि बाहेर एकही चाक हलत नाही, मग बघू समिती कशी नाही म्हणते! हॉल टाळ्यांनी दणाणला. दादा तर उभाच राहिला. "चालकांकडून शब्द घ्या," तो म्हणाला. "एकही चाक हलणार नाही. माझ्या आईसाठीसुद्धा नाही." आमची आई कधीच गेलेली होती, पण वाक्य जोरदार होतं. रेल्वेवाले आले, टॅक्सीवाले आले, इस्पितळ तेवढं वगळलं. रोग्यांना वेठीला धरायचं नाही, यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

इस्पितळ वगळलं म्हणजे ताईची रात्रपाळी चालू. ती म्हणाली, पाळी संपवून सकाळी थेट येते, वॉर्डांना चादरी कोण देणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. साक्षीदारांना आणायचं काम चालकांकडे होतं, कारण माणसं आणायचं काम नेहमी चालकांकडेच असतं. आणि बस बंद ठेवायचं कामही चालकांकडेच. या दोन गोष्टी एकाच हॉलमध्ये, एकाच टेबलावर ठरल्या, आणि शहरातल्या झाडून सगळ्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात त्या एकमेकींना भेटल्या नाहीत. बाकीचे साक्षीदार शहरातच राहायचे, चालत येणार होते. लांबची एकटी ताई.

बंद मात्र असा झाला की डोळ्यांचं पारणं फिटावं. मी सकाळी दादासाठी डबा घेऊन डेपोवर गेले. रस्त्यावर शुकशुकाट होता. डेपोच्या फाटकाला साखळी, आत बसगाड्या ओळीने उभ्या, फाटकाबाहेर चालक, वाहक, मेकॅनिक पायरीवर बसून गप्पा हाणत होते. दादा या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होता, नवरदेवासारखा फुललेला.

"ताई निघाली असेल आता," मी म्हणाले. "कशी येतेय ती?"

दादा म्हणाला, "नेहमीच्या..." आणि थांबला.

त्याचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. त्याने फोन लावला. ताईचा फोन बंद. धुलाईखान्यात फोन न्यायची बंदी होती, आणि बाहेर आल्यावर तो चालू करायची ताईला सवय नव्हती. दोन-तीन पोरांकडे मोटारसायकली होत्या, पण ताईला दुचाकीवर बसवणं म्हणजे तिचा आवाज घालवणं. छातीत वारा भरला की तिला तासभर शब्द फुटायचा नाही, आणि त्या दिवशी तिच्याकडून शब्दच हवे होते.

डेपोत एक दुरुस्तीची गाडी होती. रस्त्यात बंद पडलेल्या बसकडे मेकॅनिकला नेणारी, पिवळी, बाजूवर कंपनीचं नाव रंगवलेलं. शहरातलं शेंबडं पोरही ती ओळखायचं. दादा तिच्याकडे बघत राहिला.

"दादा, नको," कुणीतरी म्हणालं. "एक गाडी सुटली तर बंद फुटला म्हणतील."

"माझ्या जबाबदारीवर," दादा म्हणाला. त्याने स्वतःच्या हाताने साखळी काढली. गाडीवर मुक्याला बसवलं. मुक्या म्हणजे नवीन लागलेला चालक, हो आणि नाही यांच्यापलीकडे न जाणारा, म्हणून हे नाव. सरळ माणूस. "इस्पितळाच्या रस्त्याने जा. निळी पिशवी, पांढरे केस, चालत येत असेल. तिला आण." फाटक उघडलं, गाडी गेली, आणि पायरीवरच्या गप्पा बंद पडल्या. कुणी दादाकडे बघेना.

मी धावत सुनावणीच्या कचेरीत गेले, कारण माझ्या कारखान्याची साक्ष मलाच द्यायची होती. दिली. काय बोलले ते आठवत नाही, डोळे दाराकडे होते. काकी बोलल्या, आणि अशा बोलल्या की समितीचा अध्यक्ष लिहायचं विसरला. मग धुलाईखान्याचा पुकारा झाला. पुन्हा झाला. मास्तर उठले, म्हणाले, साक्षीदार वाटेत आहे, तोवर मी त्यांची बाजू मांडतो. फार सुंदर बोलले. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपण कधी चादरी धुतल्या आहेत का?" मास्तर खाली बसले.

ताई आली तेव्हा शिपाई खुर्च्या एकात एक घालत होता. तिचे पाय धुळीने भरले होते, ओठ कोरडे पडले होते, पण चेहरा हसरा. तिने हात वर केला, खोकली, आणि म्हणाली, "उशीर झाला का गं?"

मी तिला पाणी दिलं. तेवढ्यात दादा पोहोचला. मुक्या रिकामी गाडी घेऊन परतला होता, म्हणाला होता, "नाही बसल्या." बस, एवढंच.

"अरे, काय रस्ते मोकळे!" ताई दादाला म्हणाली. "एक गाडी नाही. मधोमध चालत आले मी, राणीसारखी. म्हटलं, हे माझ्या भावाने केलं." मग तिचा आवाज कडक झाला. "पण एक फुटीर निघालाच. तुमची ती पिवळी गाडी. म्हणे, दादांनी पाठवलंय, बसा. मी त्याला चांगलाच झापला. म्हटलं, माझा भाऊ आज चाक हलू देणार नाही, खोटं नाव घ्यायला लाज नाही वाटत? तो ठेकेदाराचाच माणूस, दुसरं काय! गप उभा राहिला, मग गेला. त्याच्यावर कारवाई कर हं तू."

जन्मात पहिल्यांदा दादाला शब्द सापडला नाही, आणि मला त्याचं तोंड बघवेना.

निकाल यायला बरेच दिवस लागले. चालकांना मिळालं, सफाईवाल्यांना मिळालं, आम्हा शिलाईवाल्यांना मिळालं, या कामांतल्या ठेक्यावरच्यांनाही. गुलाल उधळायचा तेवढा बाकी होता. धुलाईखान्याबद्दल 'पुढे विचार करू'. आघाडीने ठराव केला, निषेध केला, पुढच्या लढ्याची घोषणा केली. पण ज्यांचं झालं होतं त्यांच्या अंगात पहिली धग उरली नव्हती. दोष द्यायचा तर मलाही द्या. खोट्या शपथा मी घेत नाही. आजारी पडले की आता मी दवाखान्यात कामगारांच्या वेगळ्या खिडकीपाशी जाते, आणि तिथे उभी राहिले की मला दरवेळी ताई दिसते.

पिवळ्या गाडीचा विषय आघाडीच्या बैठकीत निघालाच. भोंग्याने मुक्याला काढायची मागणी केली. दादाने उठून सांगितलं, गाडी मी सोडली, साखळी मी काढली. त्याचं अध्यक्षपद गेलं. कुणी त्याला जा म्हणालं नाही, पण राहा असंही कुणी म्हणालं नाही. ताईच्या कानावर हे गेलं तेव्हा ती धुलाईखान्यातल्या बायकांना सांगत सुटली, "बघा, एका पोराची नोकरी वाचवायला त्याने दोष स्वतःवर घेतला. असा भाऊ लागतो." बायका माना हलवायच्या आणि ओल्या चादरी पिळायच्या.

पुढच्या हिवाळ्यात ताईला भट्टीपाशी उभं राहवेना. ठेकेदाराने उद्यापासून येऊ नको म्हटलं. तोंडी. कागद नव्हताच, तर फाडायचा काय?

एका दुपारी आम्ही दोघं तिच्या खोलीवर गेलो. भिंतीला उशी टेकून बसली होती. दादाने आणलेली औषधाची बाटली खिडकीत ठेवली आणि तिथेच, आमच्याकडे पाठ करून, म्हणाला, "ताई, ती गाडी मीच पाठवली होती. मुक्या खरं बोलत होता."

"असू दे रे. त्याला वाचवलंस, चांगलं केलंस. माझ्यापुढे कशाला?"

"खरंच मी पाठवली. तुझ्यासाठी. देवाशपथ."

ताई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मला तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरताना दिसलं. आधी गोंधळ, मग काहीतरी फार वाईट. तिने हात वर केला, पण खोकला आला नाही. हात तसाच वर राहिला.

"म्हणजे मी बसले असते," ती म्हणाली, "तर वेळेवर पोचले असते?"

दादा वळला.

"त्या सगळ्या बायकांचं झालं असतं?" ताई म्हणाली. "मी नाही म्हटलं म्हणून..."

मी दादाकडे पाहिलं. एवढे दिवस हे सांगायला तो तडफडत होता, छातीवरचा दगड उतरावा म्हणून. तो उतरला आणि थेट तिच्या छातीवर जाऊन बसला. दादा बाजेपाशी आला, खाली बसला आणि मोठ्याने हसला. इतकं वाईट सोंग मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही.

"काय गं ताई, तू पण! अगं, मुक्यासाठीच बोललो. तो बिचारा अजून तोंड लपवतो तुझ्यापासून. म्हटलं, तू तरी त्याला माफ करशील."

"गाडी तू पाठवली नव्हतीस?"

"मी? बंदच्या दिवशी? वेडी आहेस का?"

ताईने हात खाली घेतला. श्वास सोडला. मग दादाच्या पाठीवर एक धपाटा घातला.

"मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "जीव गेला असता माझा. ये म्हणावं त्याला. काही बोलणार नाही मी."

दादाने मान हलवली आणि बाटलीचं झाकण उघडायला घेतलं. ते त्याला उघडेना. शेवटी मी उघडलं आणि ताईला औषध दिलं.