समुद्राआधीचा अंधार

अहो, एवढं वाकून बघू नका, चष्मा पडेल पाण्यात. मीच बोलतेय, ट्रकवरच्या या निळ्या टाकीतली सॅमन मासोळी, नदीत जन्मून समुद्रात वाढणाऱ्या जातीतली. समोर नदी समुद्राला मिळते आणि थोड्याच वेळात मला तिथे सोडणार आहेत. तेवढ्यात माझी हकीकत ऐकून घ्या. एकदा पाण्यात उतरले की मला बोलायला उसंत मिळायची नाही.

माझा जन्म मत्स्यबीज केंद्रातल्या एका ट्रेमध्ये झाला. नदीत आमची जात कमी झाली, म्हणून तिथे माणसं आमची अंडी उबवतात, पिल्लं वाढवतात आणि मोठी झाली की नदीच्या मुखाशी सोडतात. मी अंड्यातून बाहेर आले तेव्हा पोटाला एक पिवळी पिशवी होती. ती माझी शिदोरीच. ती संपली तशी मी तोंड उघडून खायला शिकले. मग मला आणि माझ्या भावंडांना छपराखालच्या गोल हौदात हलवलं. तेव्हा माझ्या अंगावर काळपट ठसे होते, जणू कोणी मळक्या बोटांनी मला धरून ठेवलं होतं.

आमचा हौद अगदी दारापाशी. फाटकावरच्या पहारेकरी बाबांची खुर्चीही तिथेच असायची. त्यांची मुलगी केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते. सगळे तिला ताई म्हणतात. बाबांची पाळी संध्याकाळी संपायची, ताईचं काम मात्र संपता संपत नसे. घरी जायचं ते दोघांनी मिळूनच, असा बाबांचा नेम. मग ते खांबावरचा दिवा लावत आणि आमच्याशेजारी बसून वर्तमानपत्र वाचत. तेही मोठ्याने.

"ऐका गं बायांनो, उद्या पाऊस नाही म्हणतायत. म्हणजे छत्री घ्यायलाच हवी."

आम्ही सगळ्या त्या उजेडाकडे तोंड करून ऐकत असू. बाकीच्या हौदांवर दिवस मावळला की अंधार होई. आमच्या हौदावर मात्र थंडीभर संध्याकाळ झालीच नाही.

थंडी सरली. माझ्या अंगावरचे ठसे पुसट झाले आणि खवले चकाकू लागले. भिंतीपलीकडे कुठेतरी मोठं पाणी आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, तरी माहीत होतं. मी ठरवून टाकलं, तिथे जायचंच.

केंद्राचे साहेब हौदावर वाकले. "वा! कशा चांदीसारख्या दिसतायत. ट्रक बोलवा, सगळ्या एकदमच पाठवू."

"थांबा साहेब," ताई म्हणाली, "कल्ले तपासायचे राहिलेत."

तिने प्रत्येक हौदातून थोड्या थोड्या मासोळ्या काढल्या. त्यांत मी होते. गुंगीच्या पाण्यात मला गरगरलं, कल्ल्याच्या टोकाला कात्रीचा गार स्पर्श झाला. "झालं गं राणी, झालं," असं म्हणून तिने मला परत सोडलं.

"एवढ्याशा तुकड्यात तुला काय दिसतं गं?" बाबांनी विचारलं.

"बाबा, आपल्या माळ्यावर मोठं पातेलं आहे ना? ते रोज काढतो का आपण? घरी खूप पाहुणे यायचे असले की काढतो. जनुकांचं तसंच. प्रत्येक पेशीत सगळी असतात, पण त्यांतली कोणती कामाला लागलीत ते बघायचं. नदीत असताना यांचे कल्ले पाण्यातलं मीठ आत ओढतात. समुद्रात उलट, जास्तीचं मीठ बाहेर फेकावं लागतं. ते फेकायचं जनुक इथे गोड्या पाण्यात असतानाच कामाला लागायला हवं. पाहुणे दारात आल्यावर पातेलं शोधून काय उपयोग?"

"तुझी आई नेमकं तेच करते," बाबा म्हणाले.

तपासणी झाली. ताई साहेबांना घेऊन आमच्यापाशी आली. "बाकीचे सगळे हौद तयार आहेत. या हौदात अजून नदीचंच जनुक चालू आहे. वरून नुसती चमक आहे."

"मशीन चुकलं असेल," साहेब म्हणाले. "एकच छप्पर, एकच खाणं, आणि हाच हौद तेवढा मागे? काहीतरीच!"

"चुकलं असेलही. मिठाच्या पाण्यात ठेवून बघू या का?"

खारट पाण्याच्या टबात शेजारच्या हौदातली एक आणि आमच्या हौदातली मी, अशा दोघींना सोडलं. मला काय आनंद झाला! पण थोड्याच वेळात माझं अंग आवळू लागलं. पाण्यात राहून मला तहान लागली. प्यावं तितका घसा आणखी कोरडा. शेजारीण आरामात फिरत होती आणि मी एका कुशीवर कलले.

"काढा, काढा! आधी बाहेर काढा तिला!" साहेब ओरडले आणि त्यांनी स्वतःच जाळी खुपसली. गोड्या पाण्यात आल्यावर मला कुठे श्वास आला. साहेबांनी जाळी खाली ठेवली. मग म्हणाले, "हा हौद थांबवा. मी ट्रकची आणखी एक फेरी मिळवून देतो. पण एकच. तोवरही तयार झाल्या नाहीत, तर यांना कायमचं इथेच ठेवावं लागेल. मरायला तर पाठवणार नाही मी."

कायमचं इथेच! बाकीचे हौद रिकामे झाले तेव्हा मी एकटक त्या दाराकडे पाहत होते. सगळ्यांत मागे राहिल्याचा मला फार राग आला. पण टबातली ती तहान आठवली आणि मी मनाशी पक्कं केलं, जायचं, पण तयार होऊनच.

त्या संध्याकाळी ताई आमच्यापाशी विचार करत उभी होती. बाबा आले आणि सवयीने त्यांनी दिवा लावला. ताईने दिव्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या वर्तमानपत्राकडे.

"बाबा, हा दिवा तुम्ही रोज लावता?"

"मग? अंधारात कसं वाचू? तू येईस्तोवर वेळ नको जायला?"

"थंडीभर लावलात?"

"तू थंडीभर उशीरच केलास की!"

ताईने दिव्याकडे बोट दाखवलं. "बाबा, दिवस लहान झालेला यांना कळलाच नाही. आधी थंडीचा अंधार, मग मोठे दिवस, तेव्हा कुठे यांचं अंग समुद्राला तयार होतं. यांना थंडी मिळालीच नाही."

बाबांनी झटकन दिवा मालवला. अंधारातून त्यांचा आवाज आला, "म्हणजे मी एवढं वाचून दाखवलं आणि पोरी अडाणीच राहिल्या?"

ताई हसली, पण हसता हसता नाक ओढल्यासारखं वाटलं मला. "उशीर मी करत होते, बाबा."

दुसऱ्या दिवसापासून हौदावर काळं कापड आलं. दिवसातून थोडाच वेळ ते बाजूला होई. खांबावरचा दिवा तर बाबांनी स्वतःच काढून नेला. पण त्यांचा नेम मोडला नाही. अंधारात खुर्चीवर बसून ते दुपारी वाचलेल्या बातम्या आठवून सांगत. एखाद्या खेळाडूचं नाव विसरले की तिथे स्वतःचं घालत. त्या दिवसांत त्यांनी बरेच सामने जिंकले. ताईही आता लवकर येऊ लागली. अंधारात त्यांना हात धरून बाहेर न्यायला कोणीतरी हवंच होतं.

मी कमी खाल्लं, कमी फिरले आणि वाट पाहिली. ती वाट पाहणं हेच माझं काम होतं.

मग कापड निघालं आणि दिवस लांबत गेले. आता अंगाला नुसती चमक नव्हती. कल्ल्यांत काहीतरी नवीन, गडबडीचं चाललं होतं. आजवर मी हौदातल्या फिरत्या प्रवाहाकडे तोंड करून राहायची, आता पाठ फिरवून त्याच्याबरोबर जावंसं वाटू लागलं. ताई पुन्हा जाळी घेऊन आली तेव्हा मी जाळीत सापडले की आपणहून शिरले, ते विचारू नका.

तपासणीच्या दिवशी ताई दारापर्यंत धावतच आली. "बाबा, पातेलं खाली आलं!"

"कुणाकुणाचं?"

"सगळ्यांचं!"

बाबांनी वर्तमानपत्र हवेत उडवलं. त्याची दोन पानं आमच्याच हौदात पडली.

तर अशी मी इथवर आले. ते बघा, ट्रकच्या पुढच्या सीटवरून बाबा उतरतायत, ताई पाइप जोडतेय. टाकीचं पाणी हलू लागलं. वाऱ्याबरोबर खारट तुषार येतायत आणि या वेळी मला तहान लागत नाहीये. निघते मी. जाता जाता एवढा निरोप त्यांना द्याल का?

बाबा, हौद आता रिकामा आहे. आज खुशाल दिवा लावा.